तळ्यात विरघळलेली नगरी

एका राज्यात राजघराण्याच्या ताटात वरण भाताला शिवत नसे. भाताची मूद एका टोकाला, वरणाची वाटी दुसऱ्या टोकाला, मीठ ताटाबाहेर शिंपल्यात, आणि तूप तर वेगळ्या चौरंगावर. राजा आधी भात खाई, मग वरण पिई, आणि मिठाला नुसता नमस्कार करी. पोटात गेल्यावर हे सगळे एकमेकांशी कसे वागत असतील, असं त्या राज्यात कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याला हद्दपार करत.

राजाचं नाव अमलकीर्ती. त्याला शुद्धतेचा ध्यास होता. त्याच्या दरबारात एक म्हातारा राजहंस मानकरी म्हणून होता. दूध आणि पाणी वेगळं करतो, अशी त्याची ख्याती. सणासुदीला त्याच्यापुढे चांदीचं भांडं ठेवत, हंस त्यात चोच बुडवी, आणि दरबार जयजयकार करी. भांड्यात मागे काय उरलं हे पाहायला कुणी पुढे वाकत नसे.

या राजाला मुलगी झाली. तिचं नाव त्याने शुचिप्रभा ठेवलं आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे तिला वेगळं ठेवलं. रीत अशी, की गादीच्या वारसाने कुणात मिसळू नये. तळ्याकाठी दगडी महाल, महालाची वेगळी विहीर, अंगणात चुन्याची रेघ. दासी रेघेवर ताट ठेवून जात. राजाही असाच वाढला होता. “आम्हांला कुठे काय झालं?” असं तो म्हणे, आणि काय झालं होतं ते सगळ्यांना दिसत असे.

राणी मालवती रोज दिवस कलताना येई आणि रेघेपलीकडे उभी राही.

“जेवलीस का गं?” ती विचारी.

“जेवले.”

“काय जेवलीस?”

“भात. मग वरण.”

“कालवून जेवायचं असतं गं, बाळ,” राणी हळूच म्हणे.

“कालवणं म्हणजे काय?”

मग राणी आजूबाजूला पाही, हात पुढे करी आणि पाचही बोटं हवेत फिरवी. आधी मूद फोडायची, मध्ये आळं करायचं, त्यात वरण, वर तूप, चिमूटभर मीठ, लिंबू, आणि सगळं एक होईपर्यंत बोटांनी फिरवायचं. शेवटी ती हवेतला घास उचलून रेघेपलीकडून पुढे करी. शुचिप्रभा तोंड उघडी. घास पोचत नसे. हा खेळ दोघी रोज खेळत, आणि राणी परत जाताना पदराने डोळे टिपत जाई.

एकट्या मुलांची वस्तूंशी फार जवळची ओळख होते. शुचिप्रभेच्या खिडकीला तांब्याचा उंबरा होता. त्यावर पावसाचा थेंब पडला की उन्हाने वाळून जाई आणि मागे काही उरत नसे. विहिरीच्या पाण्याचा थेंब वाळला की पांढरं कडं उरे. दिसायला दोन्ही थेंब सारखेच. आईने एकदा रेघेपलीकडून लोहचुंबक टाकला होता. एकाच जातीचा दगड म्हणून राजाने तो राहू दिला. शुचिप्रभा वाळूत खिळे मिसळी आणि चुंबकाने वेगळे काढी, मग पुन्हा मिसळी. खिळ्यांचा तिला हेवा वाटे. निदान कुणीतरी त्यांना मिसळत होतं.

एके वर्षी राज्यात रसकंठ नावाचा किमयागार आला. त्याचा बाप डोंगरातला, आई समुद्राकाठची. तो धातूंना बोलतं करी आणि पाण्याला चालायला लावी. राजाने त्याला जेवायला बोलावलं, पण पंगतीत बसवलं नाही. खांबाआड, पंगतीकडे पाठ करून त्याचं पान मांडलं.

“मला वेगळं का?” रसकंठाने विचारलं.

“तू मिश्र आहेस,” राजा म्हणाला.

“शुद्ध आणि मिश्र यांतला फरक राजाला कळतो?”

“न बघता कळतो.”

“बघून सांग,” म्हणून रसकंठाने तीन भांडी पुढे ठेवली. पहिल्यात दूध, दुसऱ्यात आरशासारखं पाणी, तिसऱ्यात पिवळा, उग्र वासाचा गंधक.

राजाने दुधाकडे पाहिलं. “माझ्या गोठ्यातलं, माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं. शुद्ध.” पाण्याकडे पाहिलं. “तळ दिसतो. शुद्ध.” गंधकाकडे पाहून त्याने नाकाला उपरणं लावलं. “हा मिश्र. दूर न्या.”

रसकंठाने दुधात लिंबू पिळलं. चोथा एकीकडे झाला, हिरवट पाणी एकीकडे. त्याने पाणी पळीत घेऊन दिव्यावर आटवलं. पळीत मीठ उरलं. मग त्याने गंधकाचा खडा फोडला, तुकड्याचा तुकडा केला, त्याची पूड केली, आणि पूड राजाच्या तळहातावर ठेवली.

“कणाकणात हाच आहे. दुसरा कुणी नाही. तिन्ही वेळा चुकलास, राजा.”

एवढ्यावर राजाने हसून पान हलवायला सांगितलं असतं, तर ही कहाणी इथेच संपली असती. पण राजा म्हणाला, “मिश्र माणसाच्या तोंडची परीक्षा आम्ही मानत नाही.”

तेव्हा रसकंठ उठला आणि त्याने शाप दिला. “या नगरीत जे मिसळलेलं आहे ते तळ्यात मिसळो. जे शुद्ध आहे ते तेवढं काठावर उरो.”

आणि तसं झालं. वाढपी वाढता वाढता विरघळले. प्रधान उठता उठता विरघळला. कुंभार, कासार, माळणी, तान्ही मुलं, राणी आणि स्वतः राजा, सगळे पाणी झाले, पायऱ्यांवरून उतरले आणि तळ्यात गेले. हंस खांबावर बसला होता. शापाने पक्ष्यांना प्रजेत धरलं नव्हतं, म्हणून तो वाचला.

त्या संध्याकाळी आई आली नाही. शुचिप्रभा अंधार पडेपर्यंत खिडकीत उभी राहिली. हंस आला आणि त्याने घडलं ते सांगितलं.

“मग मी का उरले?” तिने विचारलं.

“तू शुद्ध आहेस, राजकन्ये.”

सकाळी तिने जन्मात पहिल्यांदा चुन्याची रेघ ओलांडली. तिला कुणी अडवलं नाही. हीच गोष्ट तिला सहन झाली नाही. नगरीत चुली गार होत्या. पाळण्यांना वारा झोके देत होता. लोकांच्या घरांत अर्धी जेवलेली ताटं होती, आणि त्यांतल्या भातात बोटं फिरल्याच्या खुणा होत्या. एका ताटाशी ती बराच वेळ बसली. खुणांमध्ये आपली बोटं ठेवून पाहिली. भात वाळून कडक झाला होता.

पुढे ती रोज दिवस कलताना तळ्याकाठी जाऊ लागली. पाणी स्वच्छ होतं. त्यात कुणी दिसत नव्हतं. आता विचारायची पाळी तिची होती.

“जेवलीस का गं?” ती पाण्याला विचारी.

पाणी काठाला लागे आणि मागे जाई. ऋतू गेले, विहिरी आटल्या, पण तळं बोटभरही उतरलं नाही. शाप होता तोवर ते आटणार नव्हतं. शुचिप्रभेला बोलायला हंस होता, पण हंसाला म्हातारपणामुळे दुपारभर झोप येई. मग ती घरांच्या उंबऱ्यांवर बसून आत राहणाऱ्यांची नावं घेई. नावं तिला माहीत नव्हती. ती मनाने ठेवी.

“हंसराज,” एकदा ती म्हणाली, “तू दूध-पाणी वेगळं करतोस. माझी आई वेगळी काढ.”

हंसाने मान पंखात घातली. “राजकन्ये, मला ते कधीच आलं नाही. मी दोन्ही पिऊन टाकत असे. लोक जयजयकार करत. मध्येच कसं सांगणार?”

तिला राग आला नाही. ती रागावल्यावर हा उडून गेला असता, तर तिच्याजवळ कुणीच उरलं नसतं.

पळस फुलला तेव्हा रसकंठ तळ्यावर परतला. तो पाण्यावरून चालत आला आणि घाटाच्या पायरीवर बसला.

“माझी माणसं परत दे,” शुचिप्रभा म्हणाली.

“तुझ्या बापाला फरक कळला नाही. तुला कळतो? तीनदा विचारीन. तिन्ही वेळा बरोबर आलीस, तर शाप उठेल. एकदा चुकलीस, तर तळ्याखाली निळी आग लावीन.”

“आगीने काय होईल?”

“आज ते पाण्यात मिसळलेले आहेत. पाणी पाणी आहे, तुझी आई तुझी आई आहे, दोघं शेजारी आहेत इतकंच. मिसळलेलं वेगळं निघतं. निळ्या आगीने ते जोडले जातील आणि तिसरंच काही होईल. मग तिथे पाणी नसेल आणि आईही नसेल.”

शुचिप्रभा त्याच्यासमोर पायरीवर बसली. ती म्हणाली, “विचार.”

रसकंठाने दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत पाणी, दोन्ही निर्मळ. “कोणतं शुद्ध? चाखायचं नाही. चाखलंस तर जीभ दगडाची होईल.”

शुचिप्रभा महालात गेली, खिडकीचा तांब्याचा उंबरा उखडून घेऊन आली आणि पायरीवर मांडला. त्यावर तिने दोन्ही वाट्यांतला एकेक थेंब सोडला आणि उन्हाची वाट पाहत बसली. रसकंठाला घाई नव्हती. हंस मधूनमधून डोळा उघडून पाही. पहिला थेंब वाळला आणि पांढरं कडं उरलं. दुसरा वाळला आणि तांबं तांब्यासारखं राहिलं.

“दुसरं शुद्ध,” ती म्हणाली. “पहिल्यात कुणीतरी राहतं.”

“बरोबर,” रसकंठ म्हणाला आणि त्याने दोन पुड्या उघडल्या. दोन्हींत काळपट भुकटी. “दोन्हींत मी लोखंडाचा कीस आणि गंधक घातला. एकीत दोघं अजून दोघंच आहेत. दुसरीत एकच कुणी आहे. कोणती शुद्ध?”

शुचिप्रभेने लोहचुंबक ओढणीत गुंडाळला आणि पहिल्या पुडीवरून फिरवला. लोखंडाचा कीस उडून ओढणीला दाढीसारखा चिकटला आणि पुडीत पिवळा गंधक उरला. दुसरीवरून तिने चुंबक पुन्हा पुन्हा फिरवला. एक कण हलला नाही.

“ही दुसरी शुद्ध,” ती म्हणाली. “पण लोखंड गेलं कुठे?”

“आगीवर ठेवलं होतं,” रसकंठ म्हणाला. “ते आता लोखंड नाही. हाक मारलीस तरी ओळख देणार नाही.”

शुचिप्रभेने त्या काळ्या भुकटीकडे पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं, आणि तिला प्रथमच फार मोठी भीती वाटली. आजवर ती एकटी होती, पण आई कुठे आहे हे तिला माहीत होतं.

“आता तिसरं,” रसकंठ म्हणाला. त्याने झोळीत हात घातला नाही. बोट तिच्याकडे केलं. “तू. शुद्ध की मिश्र?”

हंस खडबडून जागा झाला आणि तिच्या कानाशी आला. “शुद्ध म्हण, राजकन्ये. तुझा बाप तेच म्हणाला, घराण्याची रीत तेच म्हणते, आणि शापानेही तुला काठावर ठेवलं. याहून मोठा पुरावा कोणता?”

पुरावा मोठा होता खरा. जन्मापासून तिला कुणी शिवलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला शिवलं नव्हतं. शुद्ध म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण बापानेही असंच न तपासता सांगितलं होतं, हे तिला आठवलं. तोंड उघडं होतं आणि समोर तळं होतं, तेव्हा तिला रेघेपलीकडून येणारा तो हवेतला घास आठवला, जो कधीच पोचला नाही. तिला रडू आलं. किती दिवसांचं ते कोण जाणे. पायरीवर मांडलेल्या तांब्याच्या उंबऱ्यावर थेंब पडला.

तिने डोळे पुसले नाहीत. ती त्या थेंबाकडे बघत बसली. ऊन त्याच्यावर आलं. थेंब लहान झाला, आणखी लहान झाला, आणि वाळून गेला. मागे पांढरं कडं उरलं.

तिने ते बोटाने चाचपलं. खरखरीत होतं.

“माझ्यातही कुणीतरी राहतं,” ती म्हणाली. “मी मिश्र आहे.”

“विचार करून बोल,” रसकंठ म्हणाला. “मिसळलेल्यांना तळ्यात जावं लागतं. शाप तसाच आहे.”

“मग जाईन.”

“राजकन्ये!” हंस ओरडला.

“तिथे आई आहे, हंसराज. इथे माझं कोण आहे?” असं म्हणून ती पायऱ्या उतरू लागली. पाणी तिच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. ती विरघळली नाही. ती पाण्यात तशीच उभी राहिली आणि रडवेल्या तोंडाने तिने मागे वळून पाहिलं.

रसकंठ पायरीवरून उठला होता. “शाप एका खांबावर उभा होता,” तो म्हणाला. “काठावर एक शुद्ध जीव उरला आहे, हा तो खांब. तो तू काढून घेतलास. शुद्ध माणूस नव्हताच इथे. शाप उठला.”

“मग माझी माणसं कुठे आहेत?”

“तळ्यात. मी मिसळू शकतो. वेगळं काढायचं काम तुझं.” आणि तो पैलतीरी जाऊन एका झाडाखाली पाठ करून बसला. पाठ करून बसायची त्याला सवय झाली होती.

शुचिप्रभेला वेगळं काढायची एकच रीत ठाऊक होती, थेंबाची. तिने कुदळ शोधली. तळ्याच्या उतारावर उथळ वाफे केले, बांध फोडला आणि पाणी वाफ्यांत पातळ पसरू दिलं. हंस पायांनी माती चोपून देई आणि तक्रार करी. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. उन्हाळा तापला, आणि इतके दिवस हट्टाला पेटलेलं तळं उतरू लागलं.

सगळ्यांत आधी राजा निघाला. तो कधी कुणात नीट मिसळलाच नव्हता, तळ्यातही नाही. पहिल्याच वाफ्यात, पाणी अजून घोटाभर असताना, तो मुकुटासकट वर आला आणि लोकांपासून बाजूला सरकून बसायला गेला. पण आजूबाजूला लोकच नव्हते. त्याने रिकाम्या नगरीकडे पाहिलं, मग मुलीच्या हातांकडे पाहिलं. त्याने तिच्या हातून कुदळ घेतली.

त्याच्यामागून प्रधान निघाला, मग मानकरी. पाणी आणखी उतरल्यावर कासार निघाले, कुंभार निघाले, माळणी हसत हसत निघाल्या, वाढपी हातातल्या पळीसकट निघाले. जे जितके मिसळून राहणारे, तितके ते उशिरा वेगळे होत. मुलं तर निघता निघेनात. वाफ्यांतून लोक आपापल्या घरी जात, चुली पेटत, पाळणे हलत. शुचिप्रभा प्रत्येक वाफ्याशी जाई, प्रत्येक तोंड निरखी आणि पुढच्या वाफ्याकडे वळे.

राणी निघाली नाही.

शेवटचा वाफा उरला. त्यात ओंजळभर पाणी उरलं. नगरी गजबजली होती, आणि त्या गजबजाटात शुचिप्रभा पूर्वीपेक्षाही एकटी झाली. तिच्या मनात आलं, आईला पाणीच आवडलं असेल. तिथे रेघ नव्हती. ती वाफ्याशी बसली आणि रोजच्यासारखं म्हणाली, “जेवलीस का गं?”

ऊन त्या ओंजळीवर आलं. पाणी वाळलं, आणि वाळल्या जागी राणी मालवती बसली होती. नगरीतल्या प्रत्येकात ती मिसळली होती, म्हणून तिला सगळ्यांत वेळ लागला.

“मी नाही,” राणी म्हणाली. “तू जेवलीस का?”

त्या दिवशी वाफ्यांवरच पंगत बसली. राजा स्वतः पैलतीरी गेला. रसकंठापुढे त्याने हात जोडले. “चुकलो. चला, जेवायला,” एवढंच तो म्हणाला. त्याने त्याला आणून आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. हंसापुढे दुधाचं भांडं आलं, आणि हंसाने सर्वांदेखत ते पाण्यासकट पिऊन दाखवलं.

शुचिप्रभेच्या पानात मूद एका टोकाला होती, वरण दुसऱ्या टोकाला. इतक्या वर्षांचा वाढप्याचा हात, तो लगेच कुठला सुधारायला. राणीने पान आपल्याकडे ओढलं. मूद फोडली, मध्ये आळं केलं, वरण घातलं, वर तूप, चिमूटभर मीठ, लिंबू, आणि पाचही बोटं फिरवून सगळं एक केलं. मग तिने घास उचलला.

शुचिप्रभेने तोंड उघडलं, आणि या वेळी घास पोचला. तिला वरण लागलं, भात लागला, तूप लागलं, मीठ लागलं. सगळं एक झालं होतं आणि तरी प्रत्येकाची चव तिला वेगळी ओळखू येत होती.

“कसा आहे?” राणीने विचारलं.

शुचिप्रभेने पुन्हा तोंड उघडलं.

त्या राज्याची घडी अशी पुन्हा बसली. तांब्याचा तो उंबरा महालाच्या खिडकीला परत लावला, आणि अंगणातली रेघ पहिल्या पावसात धुऊन गेली. ज्याचं माणूस हरवलं असेल त्याला ते असंच भेटो. कहाणी सांगून झाली, आता पानं वाढा.